रिकामी कास

तिला सगळे धारवाली म्हणत. लाथाडी गाय असो नाहीतर पहिलटकरीण, ती खाली बसली की गाय निमूट उभी राहायची, आणि ती उठली की कासेत थेंब उरायचा नाही. दूध मागे राहिलं की कास सुजते, हे ती माहेरीच शिकली होती. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण माणूस एका कामात हुशार ठरला की त्याचे कान बंद होतात, तशातली गत.

तांबडी काल सकाळी तिसऱ्यांदा व्यायली. सासूबाईंनी दारातूनच बजावलं होतं, "पहिले दोन-तीन दिवस थोडंच काढ गं. एकदम रिकामी करू नकोस, गाय बसते." धारवालीनं "हो आई" म्हटलं आणि संध्याकाळी बादली काठोकाठ भरली. आज सकाळी पुन्हा तेच. हाताला सवयच नव्हती थांबायची.

दुपारी ती पाणी दाखवायला गोठ्यात गेली, तर तांबडी खाली बसलेली, मान वळवून कुशीवर टेकवलेली. हाक मारली तरी कान हलला नाही. तिनं कानाला हात लावला. गारठलेला. नाकाचा शेंडा कोरडा ठणठणीत. तिनं लगेच गुरांच्या डॉक्टरांना निरोप धाडला.

डॉक्टर आले. त्यांनी गायीचे डोळे पाहिले, ताप मोजला. "व्यायल्यापासून दूध किती काढलंत, वहिनी? सगळं?"

सासूबाई शेजारीच वासराला धरून उभ्या होत्या.

"निम्मं," ती म्हणाली. "निम्मंच काढलं."

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "मग हे दुधावाटे कॅल्शियम गेल्याचं नसेलही. वासरामागची जार पूर्ण पडली होती ना? आत काही राहिलं असेल तरी असं होतं." ते पिशवीत दुसरंच औषध शोधू लागले. "कॅल्शियम शिरेतून द्यायचं म्हणजे हृदयाशी खेळ. खात्री असल्याशिवाय नको."

तांबडीनं लांब श्वास सोडला. पुढचा येईना. मग आला, पण अर्धाच. खरं सांगावं तर या घरात जन्मभर मान खाली घालायची, आणि गप्प राहावं तर ही डोळ्यांदेखत जाणार. इतकी भीती तिला स्वतःच्या बाळंतपणातही वाटली नव्हती.

"सगळं काढलं," ती एकदम बोलून गेली. "दोन्ही वेळा. पार रिकामी केली."

डॉक्टरांनी मान वर करून एकदाच तिच्याकडे पाहिलं. मग भराभर गळ्याच्या शिरेत सुई घातली आणि बाटली तिच्याच हातात दिली. "तुमच्या छातीच्या वर नेऊ नका. औषध भसाभस गेलं तर हृदय बंद पडेल." ते गायीच्या छातीला नळी लावून ऐकत बसले. बाटली हलू नये म्हणून धारवालीनं कोपर बरगडीशी दाबून धरलं. "खाली, खाली घ्या!" डॉक्टर ओरडले, तशी तिनं बाटली झटकन खाली घेतली. सासूबाईंकडे बघायची तर छातीच होत नव्हती.

निम्मी बाटली गेल्यावर तांबडीचं अंग थरथरलं. तिनं ढेकर दिला, शेण टाकलं. बऱ्याच वेळानं मागचे पाय रोवून, झोकांड्या खात उभी राहिली.

"तीन दिवस बेतानं काढा. परत बसली तर लगेच बोलवा," एवढं सांगून डॉक्टर गेले.

रिकामी बाटली हातात धरून धारवाली बोलणी खायला उभी राहिली. सासूबाईंनी वासराला आधी कासेशी लावलं, आचळ त्याच्या तोंडात दिलं.

"माझी एक गाय अशीच बसली होती," त्या वर न बघता म्हणाल्या. "डॉक्टरांनी मलाही हेच विचारलं. मी खोटंच निम्मं म्हटलं, आणि शेवटपर्यंत तेच धरून बसले मी."

"मग?"

"संध्याकाळपर्यंत होती."

वासरू ढुशा देत पीत होतं. सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले. "तुझ्या सासऱ्यांनाही कधी सांगितलं नाही गं मी."