कोपऱ्यावरचा गडी

आमच्या बंदराला तेव्हा धक्का कसला, दगडांची एक ओळ होती, एवढंच. आगबोट दूर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसांना पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, तिच्यापर्यंत न्यायचे. त्या सकाळी पडावात माझ्यासकट आठ जण होते आणि पोचवायला अर्धं गाव. आईनं पहाटे माझा डावा गुडघा जुन्या पातळाच्या पट्टीनं आवळून बांधला होता, वरून नवी पँट. मी पाणी ओलांडून पडावात चढताना बाबांनी माझा दंड धरला. गुडघ्याकडे एकदा बघितलं आणि हळू म्हणाले, "दम आहे तोवर परत ये." मग ते दगडांच्या अगदी टोकाला, कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले. आगबोट हलली तरी ते तिथेच होते.

आमच्या घरात ते वाक्य कबड्डीचं होतं. म्हातारी माणसं तेव्हा हुतुतू म्हणायची. इकडे आखातात जन्मलेल्या आपल्या नातवंडांना यातलं काही माहीत नसतं, म्हणून सांगतो. चढाई करणारा गडी श्वास धरून, 'कबड्डी कबड्डी' म्हणत दुसऱ्याच्या अंगणात शिरतो. तिथे हात-पाय लावून दम सुटायच्या आत त्याला मधल्या रेघेपर्यंत परत यावं लागतं. नाही आला तर बाद. बाबा डाव्या कोपऱ्यावर खेळायचे, मीही डाव्या कोपऱ्यावर. कोपऱ्यावरच्या गड्यानं घाई करायची नाही. समोरच्याला आत येऊ द्यायचं, त्याचे डोळे नाहीत तर कंबर बघायची, आणि तो परत फिरला की घोटा धरायचा. बाबा म्हणायचे, आत गेलेला फिरतोच, तू फक्त जागा सोडू नकोस.

मुंबईच्या एका गिरणीच्या संघात मला घेणार होते. खेळासाठी नोकरी, आणि नोकरी म्हणजे आयुष्य. त्याआधीच्या तालुक्याच्या सामन्यात मी एका दांडग्या गड्याचा घोटा धरला आणि तो माझ्या गुडघ्यावर आडवा पडला. गिरणी गेली. मग आखाताचं निघालं. मुंबईत कंपनीच्या डॉक्टरनं मला खाली बसून उठायला सांगितलं, तेव्हा सगळा भार उजव्या पायावर घेऊन मी हसत उठलो. त्यानं कागदावर शिक्का मारला. खोटेपणाचा मला तेव्हा अभिमान वाटला, हे लपवण्यात आता अर्थ नाही.

तेव्हा अमिरात हे नाव जन्मायचं होतं. अबुधाबी म्हणजे वाळू, खजुरीच्या झापांची घरं, आणि तेलवाल्या कंपन्यांचे पत्र्याचे कॅम्प. प्यायचं पाणी पिंपातून यायचं आणि पिंपाचीच चव लागायची. मला पाइप यार्डात टाकलं. लोखंडी पाइपाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला करीम नावाचा बलुची जोडीदार. तो 'यल्ला' म्हणाला की दोघांनी एकदम उचलायचं. माझा गुडघा एखाद्या दिवशी दगा देणार आणि पाइप करीमच्या पायांवर पडणार, हे मला रोज दिसत होतं. तरी मी रोज जात होतो. मला पोचवायला अर्धं गाव दगडांवर उभं राहिलं होतं ना.

पहिल्यांदा ओळखलं ते कॅम्पच्या भटारखान्यातल्या दाऊद चाचांनी. ते हर्णैकडचे, दर्यावर वाढलेले. नमाजात बैठकीला मी डावा पाय दुमडायच्या ऐवजी बाजूला काढून बसायचो. आठवडाभर त्यांनी बघितलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "कंपनीच्या डोळ्यात धूळ टाकशील रे. पण दिवसातनं पाच वेळा बसतोस, तिथं काय करशील?" मी म्हटलं, चाचा, कुणाला बोलू नका. ते बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून माझ्या ताटातल्या माशाचा तुकडा मोठा झाला. मला त्याचीच जास्त लाज वाटायची.

दुसरा ओळखणारा आमचा साहेब निघाला. मिस्टर रॉय, अमेरिकन, लुईझियानाचा, कोळंबी धरणाऱ्याचा मुलगा. उंच, वाळलेला, आणि चालताना किंचित एका अंगाला झुकणारा. कॅम्पात त्याच्याबद्दल बोललं जायचं ते दबक्या आवाजात. तो म्हणे त्यांच्या देशातल्या फुटबॉलचा मोठा खेळाडू होता, पगारी, पेपरात फोटो येणारा. त्यांचा फुटबॉल म्हणजे हातात धरून पळायचा, असोल्या नारळाच्या घाटाचा चेंडू. रॉय त्यात कॉर्नरबॅक होता. मैदानाच्या कडेला, कोपऱ्यावर उभा राहणारा बचावाचा गडी. समोरचा पळत सुटतो, लांबून चेंडू त्याच्याकडे फेकतात, आणि यानं उलट्या पावलांनी पळत तो त्याच्या हातात पडू द्यायचा नाही. त्यांच्या लोकांत अशी गोष्ट होती की एका मोसमात फेकणाऱ्यांनी रॉयच्या कोपऱ्याकडे चेंडू टाकणंच सोडून दिलं होतं.

एका सकाळी मी ट्रकमधून उतरलो आणि वर बघितलं तर रॉय माझ्या पायांकडे बघत होता. मी नेहमी उजवा पाय आधी टेकवायचो. तो म्हणाला, पुढच्या शुक्रवारी समुद्रातल्या बार्जवर काम करणाऱ्यांशी आमचा खेळ आहे, एक माणूस कमी आहे, तू कोपऱ्यावर उभा राहशील. नाही म्हणावं तर संशय खरा ठरतो, हो म्हणावं तर सगळ्यांसमोर लंगडणार. वर पुढच्या सोमवारी कंपनीचा डॉक्टर वर्षाच्या तपासणीला येणार होता. त्यात नापास झालेला माणूस मिळेल त्या पहिल्या बोटीनं घरी जायचा. मी म्हटलं, "येस सर."

आठवडाभर काम सुटल्यावर रॉय मला वाळूवर शिकवायचा. माझं इंग्रजी आठवीपर्यंतचं, त्याचं अर्धं नाकातलं. पण पहिल्याच दिवशी त्यानं माझ्या कमरेवर बोट ठेवून सांगितलं की समोरच्याचे डोळे फसवतात, खांदे फसवतात, इथे बघ. हे मला बाबांनी परड्यात शिकवलेलं, आणि हा माणूस कुठल्या टोकाचा. मी त्याला कबड्डी खेळून दाखवली. तो पोट धरून हसला आणि मग माझ्या गुडघ्याकडे बघत राहिला.

शुक्रवारी दुपारी जुम्म्याची नमाज झाली, जेवणं झाली, आणि सगळा कॅम्प मैदानाभोवती जमला. गोरे एका बाजूला पेट्यांवर बसलेले, आपली माणसं दुसऱ्या बाजूला उकिडवी. दाऊद चाचा हातात तसबीची माळ घेऊन. पट्टी मी इतकी आवळली होती की पोटरी बधिर झाली होती. पहिल्याच झटक्यात बार्जवाल्यांचा एक लाल केसांचा गडी चेंडू घेऊन माझ्या बाजूनं आला, आणि मी वाकून त्याचा घोटा पकडला. तो भुईमुगाच्या पोत्यासारखा पडला. आपल्या बाजूनं असा ओरडा झाला की मला गावची जत्रा आठवली. दुसऱ्या वेळीही धरला. दुखत नव्हतं, किंवा मला कळत नव्हतं.

तिसऱ्या वेळी तो सरळ माझ्या पुढून निसटला. मी वळलो, दोन पावलं मागे सरलो, आणि थांबलो. गुडघे वाकवून, हात पसरून, कोपरा धरून मी त्याची वाट बघत उभा राहिलो. तो आता फिरणार. फिरला की घोटा. तो फिरला नाही. तो पळत पळत शेवटच्या रेघेपलीकडे गेला आणि चेंडू वाळूवर आपटून नाचायला लागला. गोऱ्यांत हसण्याचा पूर आला. आपल्या बाजूला मात्र कोणी हसलं नाही, कारण त्यांच्यातले बरेचसे माझ्यासारखेच वाट बघत होते.

रॉय चालत माझ्याजवळ आला. तो हसत नव्हता. कशासाठी थांबलास, त्यानं विचारलं. मी म्हटलं, सर, तो परत येईल तेव्हा धरणार होतो.

"इब्राहिम," तो म्हणाला, "या खेळात गेलेला माणूस परत येत नसतो. त्याच्या मागे पळावं लागतं."

पुढच्या वेळी मी पळालो. दहा पावलं. मग माझ्या गुडघ्यात काहीतरी सुकी काटकी मोडावी तसं झालं आणि मी तोंडावर पडलो. उठायला गेलो तर पाय माझा नव्हताच. पट्टी सुटून वाळूवर लांब पडली होती, आईच्या पातळाचा हिरवा काठ सगळ्यांना दिसत होता. मी ती आधी ओढून घेतली. पायाचं नंतर बघितलं.

रॉयनं मला आपल्या पिकअपमध्ये घातलं आणि दवाखान्याच्या पत्र्याच्या खोलीकडे निघाला. मध्येच गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. मला वाटलं, आता विचारणार, कधीपासून लपवतोयस. तो स्वतःचंच सांगायला लागला. पहिली दोन वर्षं त्याला कोणी खेळवलंच नव्हतं, बाकावर बसवलं. मग कोपऱ्यावरचा एक जण जखमी झाला आणि याला जागा मिळाली. त्यानंतर चार मोसम असे गेले की रस्त्यात मुलं त्याच्या चालण्याची नक्कल करायची. पाचव्यात गुडघा गेला. त्यानं कोणाला सांगितलं नाही. प्रत्येक सामन्याआधी सुई टोचून घ्यायची आणि उभं राहायचं. मग एका रविवारी एक पोरगेला गडी त्याच्या बाजूनं निघून गेला. मागे धावायला याचा पायच उठला नाही, तेव्हा शेजारचा जोडीदार याची चूक सावरायला धावला आणि आदळला. "तो पुन्हा खेळला नाही," रॉय म्हणाला. "मला सोमवारी काढलं. मला काढल्याचं काही वाटत नाही. त्या जोडीदाराचं वाटतं."

माझ्या डोळ्यांसमोर करीम उभा राहिला, पाइपाच्या दुसऱ्या टोकाला.

"सोमवारी डॉक्टर येईल. मी त्याला काही सांगणार नाही," रॉय म्हणाला आणि गाडी चालू केली. "तू सांगशील."

त्या दोन दिवसांइतका मी आयुष्यात कधी घाबरलो नाही. दाऊद चाचा म्हणाले, आणखी एकदा उजव्या पायावर उठ, अल्ला मेहरबान. करीम म्हणाला, "खलास, भाई, मैं सँभाल लेगा तेरा साइड." मी त्याच्या पायांकडे बघितलं. पुन्हा पुन्हा एकच चित्र डोळ्यांपुढे यायचं. आगबोट बंदरात आलीय, पडाव किनाऱ्याला लागतोय, आणि मी लंगडत उतरतोय, सगळं गाव बघतंय, आणि बाबा खाली बघतायत. सोमवारी नाव पुकारलं. पट्टी आवळून मी आत गेलो. डॉक्टर म्हणाला, बसून उठ. मी उभाच राहिलो आणि म्हटलं, सर, माझा डावा गुडघा भारतातच मोडला होता. मी खोटं बोलून आलो.

त्यानं लिहायला सुरुवात केली. लिहितच राहिला. बाहेर रॉय दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. डॉक्टरनं कागद त्याच्या हातात दिला तेव्हा त्यावर एवढंच होतं की हा माणूस यार्डाच्या कामाला अपात्र. रॉय म्हणाला, स्टोअरला लिहिता-वाचता येणारा माणूस मी महिनाभर मागतोय, तिथे उचलायचं काही नाही. मी रडलो, भर उन्हात, करीमच्या समोर. पुढची तेहतीस वर्षं मी तेच काम केलं. कंपन्या बदलल्या, देशाला नाव मिळालं, काचेचे मनोरे आले, माझं टेबल तेवढं राहिलं.

रॉय दुसऱ्या वर्षी गेला. जाताना तो चेंडू मला देऊन गेला. विमानाकडे चालत गेला तो एका अंगाला झुकत, आणि फिरून बघितलं नाही. मी मनात म्हटलं, त्यांच्यात फिरत नाहीत.

मी तिसऱ्या वर्षी रजेवर गेलो. बाबांनी आधी गुडघा बघितला, मग तोंड. पुन्हा निघताना तेच म्हणाले, दम आहे तोवर. पुढच्या रजा लांबत गेल्या. लग्न, मुलं, बदली, पासपोर्ट, मालकाची मर्जी. इन्शाल्ला पुढच्या वर्षी, असं प्रत्येक पत्रात. बाबा गेल्याची तार मला मिळाली आणि मी पोचलो तेव्हा मातीला नऊ दिवस झाले होते. शेजारच्या हुसेन मामूंनी मला दगडांच्या टोकाला नेलं. म्हणाले, तुझा बाप आगबोटीच्या दर फेरीला इथे येऊन उभा राहायचा. तुझं पत्र खिशात असायचं, तू येत नाहीस हे त्यात लिहिलेलं असायचं, तरी उभा. आम्ही म्हणायचो, अरे नाही आला तो, चल. तर म्हणायचा, फिरेल.

त्या टोकावर मी बसलो. वाळूवर जी चूक करून मी सगळ्या कॅम्पात स्वतःचं हसं करून घेतलं होतं, तीच माझा बाप एवढी वर्षं करत होता. मी दुसऱ्याच खेळात शिरलो होतो, आणि त्यांना कोणी नियम सांगितले नव्हते. सांगायला मी होतो, आणि मी पत्रात 'पुढच्या वर्षी' लिहीत होतो.

गावाकडच्यांनो, तुम्ही विचारता, आता कायमचा कधी येतोस. आई गेली, घर भाच्याकडे आहे, तो ते नीट ठेवतो. माझं बिऱ्हाड शारजात अल मजाजला, सोळाव्या मजल्यावर. मुलगा सिलिकॉन ओएसिसला ऑफिसात जातो. आणि इकडे आलेल्यांनो, तुम्हाला वेगळं काय सांगू, तुमची पोरंही आता पुढे निघालीत. घर कुठे, असं कोणी विचारलं की मी पूर्वी गावाचं नाव सांगायचो. आता मला वाटतं, कोणीतरी आपली वाट बघत जिथे कोपरा धरून उभं असतं, ते घर. तिकडे ते बाबा होते. इकडे मी आहे.

गेल्या महिन्यात नातू कॅनडाला शिकायला गेला. मी त्याला पोचवायला विमानतळावर गेलो होतो. त्याला जवळ घेऊन म्हटलं, दम आहे तोवर परत ये. तो म्हणाला, "शुअर, ग्रँडपा," आणि बॅग ओढत निघाला. मी त्याचे डोळे बघितले नाहीत, खांदे बघितले नाहीत. कंबर बघत राहिलो. ती सरळ होती. काचेचं दार उघडलं, मिटलं. सून म्हणाली, "बाबा, गेला तो. चला ना, पार्किंगची वेळ संपतेय."

मी म्हटलं, "थांब जरा. फिरेल."