मक्याची एक ओळ

घनसावंगीला जाणाऱ्या जीपमध्ये मी रोज कुणाची ना कुणाची नक्कल करतो. सगळे हसतात, पण रोज येणाऱ्या एक बाई हसायच्या न्हाईत. खिडकीला डोकं टेकवून, डोळे अर्धे मिटून बसायच्या, अन् बोटांनी हवेतच काहीतरी चिमटत असायच्या. एकदा मी त्या चिमटीची बी नक्कल केली.

"अंगठा जरा आत घे," त्या म्हणल्या. "पानाचा तुकडा असा काढतात."

बियाण्याच्या कंपनीत होत्या. मक्याच्या कोवळ्या रोपाचं पान तपासलं की कम्प्युटर सांगतो, कोणत्या नर-मादीचं हायब्रीड जोरात पिकंल. बाकीच्या जोड्या पेरायच्याच न्हाईत.

"म्हणजे पेरायच्या आधीच निकाल," मी म्हणलं. "अन् कम्प्युटर चुकला तर?"

"बहुतेक बराबर असतो. पण नापास केलेलं कधी पेरलंच नाही, तर चुकला हे कळणार कसं?"

म्हणून त्यांनी नापास जोड्यांसाठी कंपनीच्या शेतात एक ओळ मागितली होती. त्यांचा साहेब कधीपासून टाळून राह्यला होता.

परवा जीपमध्येच त्यांचा फोन वाजला. "हो सर," एवढंच बोलल्या. मंग माझ्याकडं वळल्या, "मिळाली ओळ."

"अन् पेरूनबी त्या जोड्या नापासच झाल्या तर, मॅडम?" मी साहेबी आवाज काढला.

आता मात्र त्या हसल्या. "होऊ देत. उन्हात उभ्या राहून होतील."

त्यांनी डोळे मिटले. बाहेर सगळी कपाशी होती. पण मला वाटलं, जीप मक्यातून चाललीय, अन् पानं दोन्ही अंगांनी घासून राह्यली.