खारवलेलं अंडं आणि पिवळं पाकीट

कीलुंग बंदराच्या मागच्या मासळी-संशोधन केंद्रात यौ पेइ-रू बांगडा माशांची वयं काढायची. लग्नाबिग्नात कुणी विचारलं, "काय करतेस?", तर सरळ सांगायची, "माशांचे कान कोरते." विचारणारा हळूच दुसऱ्या टेबलाकडे सरकायचा. पण ते खोटं नव्हतं. बांगड्याच्या कानात तांदळाच्या कणीएवढा खडा असतो आणि झाडाच्या बुंध्यासारखी त्यावर वर्षावर्षाची वलयं उमटतात. खड्यांचे फोटो काढायचे आणि 'कानखडा' नावाच्या प्रोग्रामला भरवायचे. तो वलयं मोजतो आणि वय सांगतो.

'कानखडा' फुकट होता आणि उघडाही. कुणीही उतरवून घ्यावा, कुणीही आत डोकावून बघावा. उतरवून घेणारे पुष्कळ होते, डोकावणारं एक नव्हतं. तो लिहिला होता केंद्रातल्या को दादाने. पुढे दादा संशोधनाला कंटाळला, त्याने नाश्त्याचं दुकान टाकलं आणि गाव सोडणारा माणूस मांजर शेजाऱ्याकडे सोपवतो तसा प्रोग्राम पेइ-रूकडे सोपवून गेला.

त्या वसंतात पेइ-रूला नवा कॉम्प्युटर मिळाला. तिने बेटावरच्या रीतीप्रमाणे त्याच्यावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवलं. हिरवं पाकीट डोक्यावर असलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं. मग सहज म्हणून तिने जुनेच फोटो 'कानखड्या'ला दिले. बोटभर बांगडा निघाला अकरा वर्षांचा! आणि कोपराएवढा धिप्पाड बांगडा जेमतेम एका वर्षाचा.

ती इतकी हसली की शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंतीवर थाप मारली. मग तिचं हसू एकदम आटलं.

चूक साधी होती. दादाच्या जुन्या कॉम्प्युटरवर फोटो एक, दोन, तीन असे रांगेत यायचे. नव्या कॉम्प्युटरवर एकनंतर दहा, मग अकरा आणि नंतर कधीतरी दोन. दहाव्या माशाचं वय दुसऱ्याच्या गळ्यात! प्रोग्राम थांबत नव्हता, लाल अक्षरं दाखवत नव्हता, आणि सगळ्यांची सरासरी काढली तर तीही बरोबर यायची. चोर घरात शिरून भांडी घासून गेल्यासारखंच होतं ते.

दुरुस्ती एका ओळीची होती, ती तिने तिथल्या तिथे केली. पण ज्यांनी जुना प्रोग्राम आधीच नेला होता त्यांचं काय? ते कोण, कुठे, काही पत्ता नाही. तेवढ्यात तिला प्रोग्रामच्या पानावरचा एक निरोप आठवला. 'खारवलेलं बदकाचं अंडं' अशा टोपणनावाने कुणीतरी लिहिलं होतं: "कानखड्यामुळे माझा प्रबंध तरला! येत्या शुक्रवारी परीक्षकांसमोर उभं राहायचंय. लाख लाख आभार."

"अरे देवा," पेइ-रू म्हणाली. "अंडं फुटणार."

उतरवलेला 'कानखडा' कुणीही उघडला की केंद्राकडून रोज एक ओळ यायची, "जेवलात का?" ही दादाची खोडी. त्या जागी पेइ-रूने लिहिलं, "सावधान! उत्तरं चुकलेली असू शकतात." दोन दिवसांत एकच उत्तर आलं: "हाहा, आजचा विनोद भारी."

मग ती छत्री घेऊन तडक दादाच्या दुकानात गेली. ओळ तिला बदलता येत होती, पण तिथे चित्र टाकायचं तर पासवर्ड दादाकडेच होता. दादा तव्यावर अंडा-पोळी गुंडाळत होता.

"दादा, मला पाकिटाचं चित्र टाकायचंय."

"टाक की. हिरवं ना?"

"पिवळं."

दादाचं उलथणं हवेतच थांबलं. "डोकं ठिकाणावर आहे का? पिवळं पाकीट यंत्राजवळ? यंत्र रुसतं बाई त्याने!"

"रुसूच दे. वाक्य कुणी वाचत नाही. पिवळं पाकीट बघून किंचाळणार नाही असा शास्त्रज्ञ या बेटावर आहे का?"

रांगेतल्या काकू ओरडल्या, "अहो को, पोळी जळतेय! देऊन टाका तिला काय हवंय ते!"

"देतो! पण मुदत संपलेलं नको हां."

"मुदत संपलेलंच टाकणार," पेइ-रू म्हणाली आणि पोळीचा तुकडा उचलून पळाली.

मंगळवारी सकाळी चित्र झळकलं. पिवळंधमक पाकीट, मुदत केव्हाच उलटलेली, खाली तिचा फोन नंबर. त्यानंतर तिला चहाचा एक घोट घ्यायलासुद्धा फुरसत मिळाली नाही.

"ताई, हे काय अभद्र? आमच्याकडे तिघांनी कॉम्प्युटर बंद केलेत!"

"ताई, मी दुकानातून हिरवी पाकिटं आणायला माणूस पाठवलाय, तोवर काय करू?"

प्रत्येकाला ती तेच सांगत होती: नवा कानखडा घ्या आणि सगळं पुन्हा मोजा. दुपारी एक घोगरा, भारदस्त आवाज आला. "मी... खारवलेलं अंडं बोलतोय."

पेइ-रू खुर्चीतून उडालीच. "कुठे होतास रे तू!"

अंड्याचं खरं नाव त्सेंग पो-हान. तो काओशुंगच्या विद्यापीठात शिकत होता. सगळं ऐकून तो रडवेला झाला. "पण ताई, माझा शोधच तो आहे! बांगड्याची लांबी आणि वय यांचा काही संबंध नसतो. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, फार धाडसी निष्कर्ष आहे."

"पो-हान, लहान मासा लहान असतो रे! धाडस कसलं त्यात?"

तिकडे बराच वेळ नुसती बटणं वाजत राहिली. मग तो म्हणाला, "ताई... आलेखावरचे ठिपके रांगेत आले." आणि लगेच, "ताई! एक रांग नाही, दोन आहेत! उत्तरेचे बांगडे भराभर वाढतात, दक्षिणेचे सावकाश. हे आधी दिसतच नव्हतं!"

"मग लिही! शुक्रवार तीन दिवसांवर आलाय!"

शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा फोन आला. मागे फटाके फुटावेत तसा हशा ऐकू येत होता.

"पास! पण ताई, गंमत ऐका. सगळ्यात ज्येष्ठ परीक्षकांनी विचारलं, ही वयं बरोबर कशावरून? मी म्हटलं, सर, आधी चुकीचीच होती. प्रोग्रामची चूक होती. सगळी पुन्हा काढली. सर म्हणाले, कुठला प्रोग्राम? म्हटलं, कानखडा. मग त्यांनी चष्मा काढला आणि हळूच विचारलं, पिवळं पाकीट दाखवतो तो? म्हणाले, मी तर ते चित्र रोज बंद करतोय."

"मग?"

"मग काय! माझी परीक्षा अर्ध्यावर सोडून सर फोन करायला व्हरांड्यात पळाले. तुमचा नंबर मीच दिला. ताई, दुसरी लाइन वाजत असेल बघा."

वाजत होती.