व्हेनिसच्या आधी घोडेगाव

“डॉक्टर, तुम्ही फक्त ‘नाही’ म्हणा. बाकी मी बघतो.”

श्रीनिवासराव माझ्या केबिनचं दार अर्धवट लावून, आवाज खाली आणून बोलत होते. बाहेर हॉलमध्ये त्यांच्या आई काठी घेऊन व्यायामाच्या टेबलाभोवती फेऱ्या मारत होत्या. या कुलकर्णी बाई. वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका, विषय भूगोल. चार महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये पडल्या, डाव्या खुब्याचं हाड मोडलं, सांधा बदलावा लागला. त्यानंतर त्यांना उभं करायचं काम माझ्याकडं आलं.

मी फिजिओथेरपिस्ट. मूळचा काष्टीचा, नगरमध्ये क्लिनिक टाकून बावीस वर्षं झाली. अजूनही लोक मला “ते मालिशवाले” म्हणतात आणि मला अजूनही तितकाच राग येतो. आमचं काम साधं सांगायचं तर असं: सर्जन सांधा बसवतो, त्या सांध्यावर माणूस चालता करायचा आम्ही. बाईंच्या सर्जनने एक्सरे बघून हाड उत्तम आहे म्हणून सांगितलं होतं. प्रवास झेपेल का, हे मात्र फिजिओला विचारा, असंही त्यांनीच सांगितलं. म्हणून श्रीनिवासराव माझ्या दारात.

प्रकरण असं होतं. बाईंची मुलगी मेधा जर्मनीत राहते. तिनं आईला बोलावलं होतं. त्याला कुणाची हरकत नव्हती. पण बाईंनी अट घातली की आले तर व्हेनिस बघणार, नाहीतर येत नाही. श्रीनिवासराव स्वतः एका पॅकेज टूरमध्ये तीन तास व्हेनिस बघून आले होते. त्यांच्या मते तिथं माणसांच्या टाळक्यांशिवाय काही दिसत नाही. चिंचोळ्या गल्ल्या, पावलापावलाला पूल, प्रत्येक पुलाला पायऱ्या, आणि पायऱ्यांवर उभं राहून फोटो काढणारी अख्खी दुनिया. मेधाच्या गावात तळं आहे, बागा आहेत, बसायला बाकं आहेत. ते सोडून आईनं त्या गर्दीत कशाला जायचं, हा त्यांचा सवाल.

खरं सांगतो, मला ते पटलं होतं. मी व्हेनिस पाहिलेलं नाही, पण पुलांचे व्हिडिओ पाहिले आणि माझ्याच पायात गोळा आला. तरीही कुणी मला माझा रिपोर्ट आधीच लिहून द्यायला लागलं की माझं डोकं फिरतं. मी त्यांना सांगितलं की ‘नाही’ म्हणायचं असेल तर तपासून म्हणेन. ते नाराज होऊन गेले. मेधाला तिकीट काढायचं होतं, म्हणून दीड महिन्यात पक्कं कळवायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना सरळच विचारलं. “बाई, इतकी गर्दी झालेल्या गावात आता बघण्यासारखं काय राहिलंय? तुमचा हट्ट कशासाठी?”

बाई खुर्चीत बसल्या. काठी मांडीवर आडवी ठेवली.

“डॉक्टर, मी तीस वर्षं मुलांना व्हेनिस शिकवलं. रस्ते नाहीत, सगळीकडे पाणी, लोक बोटीतून ये-जा करतात. एवढंच मला माहीत. घोडेगावकडच्या शाळेत असताना एका मुलानं विचारलं, बाई, रस्तेच नाहीत तर आजारी जनावर दवाखान्यात कसं नेतात? वर्ग हसला. मी त्याला चावट म्हटलं आणि तास संपेपर्यंत बाहेर उभं केलं.”

मी म्हटलं, शिक्षक असं करतातच. बाईंनी मान हलवली.

“तो चावटपणा करत नव्हता. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी त्याला बाहेर काढलं. हे मी कुणाला सांगितलं नाही. आता तिकडं जायची संधी आलीये, तर मी बघून येणार आणि त्याला उत्तर देणार. शहर सुंदर आहे की नाही, गर्दी किती आहे, ते श्रीनूनं ठरवावं. माझं काम वेगळं आहे.”

त्या दिवसापासून मात्र आम्ही दोघं एका बाजूला आलो. श्रीनिवासरावांना हे मी सांगितलं नाही, पण माझ्या मनात ठरलं होतं की या बाईंना पाठवायचंच. फक्त पाय तसे हवेत.

तयारी सुरू झाली. पूल म्हणजे आमच्या भाषेत चढायचा जिना आणि उतरायचा जिना. त्याचा एक नियम आहे, कुणालाही पाठ होईल असा. चढताना चांगला पाय पहिला, उतरताना दुखरा पाय पहिला. वजन उचलायचं असतं तेव्हा जोर असलेला पाय पुढं हवा आणि उतरताना तोच मागं थांबून सांभाळायला हवा. बाई आमच्या बिल्डिंगचे तीन मजले रोज चढू-उतरू लागल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडचे पेशंट त्यांना जागा करून देत. क्लिनिकमध्ये टेबलाभोवती फेऱ्या, घरी हॉलमधल्या जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या. चाल सुधारली, लंगडणं जवळजवळ गेलं. मी खूश होतो.

राहिली गर्दी. गर्दीत चालणं क्लिनिकमध्ये शिकवता येत नाही. तिथं फरशी सपाट असते आणि आडवं कुणी येत नाही. मी म्हटलं, आपण एखाद्या आठवडे बाजारात चालून बघू, मी तुमच्याबरोबर राहतो. माझ्या मनात काष्टीचा बाजार होता. बाई म्हणाल्या, “घोडेगावला जाऊ. जनावरांच्या बाजारात. तो मुलगा आता तिथं व्यापारी आहे.”

आज विचार केला तर हा शुद्ध वेडेपणा वाटतो. नवीन खुबा बसवलेल्या एकाहत्तर वर्षांच्या बाईला म्हशींच्या बाजारात नेणारा फिजिओ माझ्या पाहण्यात दुसरा नाही. पण आम्ही गेलो. सकाळी लवकर गाडीने निघालो, श्रीनिवासरावांना फक्त “बाहेर चालण्याचा सराव” असं सांगून.

तो मुलगा, रावसाहेब, गेटजवळच भेटला. पन्नाशी ओलांडलेला, पांढरी टोपी, हातात कासरा आणि दुसऱ्या हातात मोबाईल. त्यानं वाकून बाईंना नमस्कार केला. बाईंनी लगेच विषय काढला, तो वर्ग, तो प्रश्न, ते बाहेर उभं करणं. रावसाहेब थोडा वेळ आठवत राहिला आणि मग म्हणाला, “बाई, मला तर ह्यातलं कायबी आठवत न्हाई. तुमी मला लई येळा बाहेर काढलं हुतं.”

मला हसू आवरेना. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “तुला आठवत नसलं तरी मला आठवतं,” आणि काठी टेकत बाजारात शिरल्या.

तासभर त्या झकास चालल्या. खाचखळगे, शेण, दावी, शेळ्यांचे कळप, हुज्जत घालणारी माणसं, सगळ्यातून. मी दोन पावलं मागं. रावसाहेब बरोबर होता, पण जनावरं दाखवता दाखवता त्याची नजर पुन्हा पुन्हा बाईंच्या पायांकडं जात होती. मी मनातल्या मनात श्रीनिवासरावांना लिहायचा रिपोर्ट तयार करत होतो. तेवढ्यात एका टेम्पोतून म्हैस उतरवत होते, ती बिथरली आणि बाईंच्या उजव्या बाजूनं आडवी आली. मोठं काही नाही. डावीकडं वळून दोन पावलं गेलं की झालं, जागा मोकळी होती. पण बाई जागच्या जागी थिजल्या. काठी घट्ट धरून उभ्या, पाय उचलेना. रावसाहेबानं पुढं होऊन म्हशीचा कासरा धरला आणि मी बाईंना धरलं.

बाईंना चहाच्या दुकानासमोर खुर्चीवर बसवलं. त्यांचा चेहरा उतरला होता. माझाही. मी म्हणालो की अचानक घडलं, घाबरल्या असतील. रावसाहेब घुटमळत होता. शेवटी बोललाच.

“डाक्टर, बाई, रागवू नका. मानसाचं अन् जनावराचं एक करतोय असं समजू नका. पन बैल घेताना आमी त्याला दोन्ही अंगानं वळवून बघतो. ज्याच्या पायात खोड असती, त्याचा मालक त्याला एकाच अंगानं वळवत राहतो. बाई आल्यापासून मी बघतोय. त्या सगळीकडं उजवीकडनंच वळत्यात. डावीकडं जायचं असलं तरी उजवीकडनं आख्खा फेरा मारून जात्यात.”

मी बाईंकडं बघितलं. बाईंनी माझ्याकडं बघितलं. मग माझ्या डोळ्यांपुढं माझं क्लिनिक आलं आणि मी कपाळावर हात मारून घेतला.

मधोमध व्यायामाचं टेबल आणि त्याच्याभोवती फेऱ्या मारणारे पेशंट. बावीस वर्षांत मी एकालाही सांगितलं नव्हतं की कुठल्या बाजूनं फिरा. सांगावं लागतच नव्हतं. देवाला प्रदक्षिणा घालावी तसे सगळे आपोआप टेबल उजव्या हाताला ठेवून फिरायचे. म्हणजे प्रत्येक वळण उजवीकडं. बाईंचं घरचं जेवणाचं टेबलही तसंच, आणि अंगणातली तुळस तर तशीच असणार. चार महिन्यांत बाईंनी कितीतरी फेऱ्या मारल्या होत्या आणि ऑपरेशन झालेल्या डाव्या पायावर भार घेऊन डावीकडं एकदाही वळल्या नव्हत्या. “गर्रकन वळू नका, छोटी छोटी पावलं टाकत वळा,” हे मी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. दोन्ही बाजूंनी करून घेतलं नव्हतं. चूक माझी होती आणि ती एका बैलाच्या व्यापाऱ्यानं तासाभरात पकडली होती. मला भयंकर लाज वाटली.

परतताना गाडीत, नगर जवळ आल्यावर बाई म्हणाल्या, “किती दिवस उरले?”

“तीन आठवडे.”

“मग उद्यापासून उलट्या फेऱ्या.”

संध्याकाळी मी श्रीनिवासरावांना फोन करून खरं काय ते सांगितलं, म्हशीसकट. त्यांनी मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही आणि त्यातलं बरंचसं रास्त होतं. शेवटी म्हणाले, “आता तरी ‘नाही’ म्हणाल ना?” मी म्हणालो, “आज नाही म्हणतो. तीन आठवड्यांनी पुन्हा विचारा.”

ते तीन आठवडे बाईंनी मला सळो की पळो केलं. डावीकडून फेऱ्या, आठच्या आकड्यात चालणं, मागं पावलं टाकणं. मी मध्येच आडवा यायचो आणि त्यांनी डावीकडं वळून वाट काढायची. पहिल्या आठवड्यात त्या रडकुंडीला यायच्या. मी थांबूया म्हटलं की काठी आपटून पुन्हा सुरू करायच्या. शेवटच्या दिवशी श्रीनिवासरावांना बोलावलं आणि हॉलमध्ये त्यांनाच आईच्या वाटेत आडवं यायला सांगितलं. ते पाच-सहा वेळा आले, प्रत्येक वेळी वेगळ्या बाजूनं. बाई प्रत्येक वेळी वळून निघून गेल्या. श्रीनिवासराव बाकावर बसले. “काढा तिकीट,” एवढंच म्हणाले आणि रुमालानं चष्मा पुसत राहिले.

पुढं महिन्याभरानं एका दुपारी व्हिडिओ कॉल आला. मागं पाणी, पाण्याला लागून घरं. बाई एका पायरीवर बसल्या होत्या.

“डॉक्टर, इथल्या त्या प्रसिद्ध मोठ्या चौकाच्या तोंडाशी गेले. श्रीनू खोटं बोलत नव्हता. पुढं पाऊल टाकायला जागा नाही. मी थोडा वेळ उभी राहिले. हे काही बघायची गरज नाही असं ठरवलं आणि वळले. डावीकडून.”

चौक न बघता बाई दोन दिवस मागच्या गल्ल्यांमध्ये बसून राहिल्या होत्या. कचरा बोटीतून जाताना पाहिला, भाजी बोटीतून येताना पाहिली, वॉशिंग मशीनसुद्धा. त्यांच्याच वयाची एक बाई पिशवी घेऊन पूल चढताना पाहिली. “चांगला पाय पहिला टाकत होती हो,” त्या म्हणाल्या. “तिला कुणी शिकवलं असेल?” आणि पाण्यावरच्या बसमध्ये एक माणूस पायाला पट्टी बांधलेला कुत्रा मांडीवर घेऊन दवाखान्यातून घरी निघाला होता. मेधानं त्याला विचारूनच घेतलं होतं.

परत आल्यावर बाई तपासून घ्यायला आल्या, त्याआधी घोडेगावला फोन करून झाला होता. आजारी कुत्रा सगळ्यांबरोबर बोटीतून जातो, गाईम्हशी तिथं दिसल्याच नाहीत, असं त्यांनी रावसाहेबाला सांगितलं. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “मग बाई, तिथं दूध कुठनं येतं?”

“काय सांगितलंत?” मी विचारलं.

“म्हटलं, मला माहीत नाही.” बाई काठी कोपऱ्यात ठेवून टेबलाकडं निघाल्या. “चाळीस वर्षं उशिरा का होईना, म्हटलं.”

आता माझ्या क्लिनिकमध्ये अर्ध्या फेऱ्या उलट्या असतात. काही पेशंटना ते आवडत नाही, अशुभ वाटतं. त्यांना मी सांगतो की हे टेबल आहे, देव नाही. आणि अमुक गर्दीचं शहर बघण्यासारखं आहे का, असं कुणी विचारलं तर ते माझं खातं नाही म्हणून सांगतो. तिथं तुम्हाला काय बघायचंय ते तुम्ही ठरवा. मी फक्त दोन्ही अंगांनी वळवून बघेन.