वृषाली काय म्हणाली होती

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. लिहायला बसलो, उठलो, कूलरमध्ये पाणी घालायला गेलो – तो भरलेलाच होता – आणि परत येऊन बसलो. वडील रेल्वेत होते, भुसावळहून बदली होऊन जयपूरला आले. माझी शाळा हिंदीत झाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं जरा सांभाळून घ्या. हिंदीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. पण ही गोष्ट मराठीत घडली, आणि मराठीत होती म्हणूनच लपली.

आमचं लहानसं ऑफिस जयपूरच्या झालाना भागात आहे. मोठ्या कंपन्यांना ॲप हवं असतं, ते आम्ही ठेक्यानं बनवून देतो. करारात एक वाक्य ठरलेलं असतं – यातला सगळा कोड फक्त कंपनीचा, दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. त्याखाली मी सही करतो. दरवेळी करतो. हात आता आपोआप चालतो.

वृषाली साताऱ्याकडची. नवरा फौजेत, म्हणून ती जयपूरला आलेली. माझ्या बायकोला इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात भेटली आणि तिथून आमच्या ऑफिसात आली. कामात तिचा हात धरणारं आमच्याकडे कोणी नव्हतं. हिंदी तिला सगळं कळायचं, पण बोलताना ‘का’ची ‘की’ व्हायची. एकदा मिटिंगमध्ये कोणीतरी हसलं. तेव्हापासून ती मराठीतच बोलायची आणि मी शेजारी बसून हिंदीत सांगायचो. आमची पद्धतच पडून गेली. क्लायंटचे माहेश्वरीजी तिचं बोलणं सुरू झालं की सरळ माझ्याकडे बघायला लागायचे.

दर बदलीला तिची नोकरी सुटायची. नवं गाव, नवं क्वार्टर, पुन्हा पहिल्यापासून सगळं. मी तिला शब्द दिला होता की पुढची बदली कुठेही होऊ दे, तू तिथून हेच काम करायचं. माहेश्वरीजींनीही होकार दिला होता. तिला किती आनंद झाला होता – पण ते राहू दे. मी उगाच इकडे तिकडे फिरतोय, नाही का?

माहेश्वरीजींच्या कंपनीची हॉटेलं आहेत. त्यांच्या ॲपमध्ये खोल्यांच्या बुकिंगचं कॅलेंडर अडलं होतं. नेटवर एक तयार कोड सापडला, अगदी हवा तसा, आणि फुकट. मात्र त्याच्या लायसन्सला अट होती. ती विरजणासारखी होती – फुकट न्या, दही लावा, पण ते दही ज्याला द्याल त्याला विरजणही द्या, आणि त्यानं पुढे कुणाला द्यायचं म्हटलं तर अडवू नका. मतलब, आमच्या ॲपचा कोडही त्याच अटीवर मोकळा करावा लागणार. आणि करार म्हणतो, फक्त कंपनीचा. दोन्ही एकदम कसं खरं होणार?

वृषालीच्या ते लगेच लक्षात आलं. माझ्या टेबलाशी येऊन तिनं विचारलं की दादा, हे चालेल का, त्यांना तर सगळं स्वतःचंच हवंय. मी काय केलं? मला माहीत नव्हतं, असं म्हणायला फार आवडेल. पण मी ती अट वाचली होती, तिच्याही आधी. तसलं कॅलेंडर स्वतः लिहायचं तर काम लांबलं असतं, आणि मला त्यांचं पुढचं ॲपही हवं होतं. मी म्हणालो, चालतं गं, सगळेच करतात, टाक.

तिनं टाकलं. जो कोड टाकतो त्याचं नाव त्यासोबत राहतं, तसं तिचं राहिलं.

काम ताब्यात घेण्याआधी कंपनीनं आपल्या माणसांकडून ते तपासून घेतलं. मग आम्हा दोघांना बोलावणं आलं. माहेश्वरीजी चिडले नव्हते – चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली आणि शांतपणे विचारलं की हे कोणी टाकलं. नाव तर समोर दिसतच होतं. मी नुसता गप्प बसलो असतो तरी – नाही, गप्प बसलो नाही. बोललो. म्हणालो, मला याची काही कल्पना नव्हती.

वृषालीनं माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही. रोजच्यासारखं, मी पुढे सांगेन अशा बेतानं म्हणाली, “दादा, मी तुम्हांला विचारलं होतं.”

माहेश्वरीजी माझ्याकडे वळले. “क्या कह रही हैं?”

लिहिता लिहिता पुन्हा उठलो होतो. दाराची कडी नीट लागलीय का ते बघून आलो. दुपारचे कोण येतंय?

मी म्हणालो, “माफ़ी माँग रही हैं, सर.”

तिला हिंदी कळायचं, हे मी सांगितलंच आहे.

ती पुढे काही बोलली नाही. मोडक्यातोडक्या हिंदीत तिला बोलता आलं असतं. ती घाबरली, अशी मी बरीच वर्षं स्वतःची समजूत घातली. ती घाबरली नव्हती. ती मराठीत बोलली, कारण मला चारचौघांत उघडं पाडायचं नव्हतं तिला. माझं मी सांगावं, एवढी जागा तिनं ठेवली होती. ती मी कशासाठी वापरली, ते तुम्ही पाहिलंत.

ही बाई आमच्या कामावर नको, एवढंच माहेश्वरीजींनी सांगितलं. मी हो म्हटलं. कॅलेंडर आम्ही नव्यानं लिहून दिलं. करार टिकला, पुढचं ॲपही मिळालं. वृषालीनं लॅपटॉप आणून दिला, चार्जरची वायर नीट गुंडाळलेली. नवऱ्याची बदली ईशान्येकडे झाली आणि ती तिकडे नोकरीशिवाय गेली, पूर्वी जायची तशीच. बायको अधूनमधून विचारते, वृषालीचा फोन कसा नाही. मी सांगतो, तिकडे नेटवर्क नसतं.

आता नव्या पोरांना मी प्रत्येक लायसन्सची अट मोठ्यानं वाचायला लावतो. सर फार तत्त्वाचे आहेत, असं ती आपसात म्हणतात. मी ऐकतो, आणि म्हणू देतो.

त्या दिवशी सांगायचं होतं ते फार मोठं नव्हतं. “इन्होंने मुझसे पूछा था, सर. हाँ मैंने कहा था.” हिंदी अडायचं ते तिचं. मला चांगलं येतं.