लुगड्यात गुंडाळलेल्या सवती

माझ्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं नाही, तरी मी दोन सवती सोसल्या. दोघीही पोलादाच्या.

गादीवर महाराज होते, त्या काळातली गोष्ट. आमचे मालक कोल्हापुरात सुतारकाम करायचे. टेबलाचे खण ते खिळा न मारता जोडत. एका फळीच्या टोकाला पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखे दाते, दुसरीला त्याच मापाच्या खाचा. एकदा बसले की ओढून सुटायचे नाहीत. पण त्या खाचांचे कोपरे इतके चिंचोळे, की साधी पटाशी आत घातली तर तिच्या जाड कडांनी लाकूड चेंबायचं. म्हणून मुरगूडच्या लोहाराकडून ह्यांनी दोन खास पटाश्या घडवून आणल्या. कडा घासून पातळ केलेल्या, एकीचं तोंड डावीकडं तिरकं, दुसरीचं उजवीकडं. कोपरा कसा साफ निघतो ते बघायला साऱ्या गल्लीला बोलावलं. मला काही बोलावलं नाही.

त्या दोघींना रोज खोबरेल लागायचं. माझ्या केसांना सणासुदीला. गुंडाळायला मऊ कापड पाहिजे म्हणून ह्यांनी माझं जुनं अंजिरी लुगडं फाडलं. विचारलं मला, पण फाडून झाल्यावर. माझ्याच लुगड्यात सवती झोपायच्या, त्याही ह्यांच्या उशाशी. माझा नुसता जळफळाट व्हायचा. लोखंडावर जळणारी बाई म्हणून मी स्वतःला हसायचे आणि तरीही जळायचे.

खंडेनवमीला हत्यारं धुवून घोंगडीवर मांडायची, हळदकुंकू वाहायचं आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही, ही आमची रीत. एका वर्षी मी ऐन खंडेनवमीला तापानं फणफणले होते, तरी पुरण वाटायला बसले होते. एवढ्यात एका सरदाराच्या घरून माणूस आला. टेबलाचा खण निखळला होता आणि तो आजच्या आज जोडून हवा होता.

"आज जमायचं न्हाय, पावणं," हे म्हणाले. "वरीसभर राबल्यात बिचाऱ्या. आज त्यांचा इसावा हाय."

माणूस गेला. ते 'बिचाऱ्या' मात्र मला झोंबलं. वरवंटा तिथंच टाकून मी उठले.

"त्यांचा इसावा कळतोय तुमास्नी. माझा कवा असतोय, त्ये सांगा की."

ह्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला, मला भिंतीशी टेकवून बसवलं आणि स्वतः पुरण वाटायला बसले. अर्धं पाट्यावर, अर्धं धोतरावर. शेजारीण दारातून बघून हसत गेली. मला बरं वाटलं, पण पोटातली आग काही विझली नाही. ह्यांचा हात माझ्या कपाळाला लागायला ताप यावा लागला होता. त्या दोघींवरून तो रोज फिरायचा.

पुढच्या खंडेनवमीला मी न्हाऊन आले, तर पटाश्यांच्या शेजारी, त्याच घोंगडीवर माझा पाटा-वरवंटा. स्वच्छ धुऊन मांडलेला.

"आज ह्येचाबी इसावा," हे म्हणाले. "पुरण न्हाय. भात टाकतो मी."

माझे डोळे भरून आले. ह्यांनी कुंकवाचा करंडा उघडला, तशी मी पाट्याजवळ सरकून बसले.

कुंकू त्यांनी आधी पटाश्यांना लावलं.