इंजिनाची खोळ

बंद पडलेली जुनी डिझेल इंजिनं सुरू करायचा नाद मला निवृत्तीनंतर लागला. नोकरी वीज खात्यात झाली. म्हणजे ज्या विजेमुळे ही इंजिनं बंद पडली, तिच्याच पेन्शनीतून मी त्यांच्यासाठी तेल आणि ग्रीस आणतो. बायको याला प्रायश्चित्त म्हणते. तसं काही नाही. मला ती आवडतात, एवढंच. आडवं पसरलेलं एका सिलिंडरचं धूड, बाजूला माणसापेक्षा उंच चाक, त्यातलं अर्धं जमिनीतल्या खड्ड्यात. ते फिरायला लागलं की कानाआधी तळपायाला कळतं. ऑफिसात मी जन्मभर जे केलं, त्यातलं काहीच असं फिरताना दिसलं नाही.

या उद्योगात माझा एक जोडीदार आहे. आमच्याच गल्लीतला, बस डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला मित्र. आम्ही दोघं यवतमाळहून मोटारसायकलवर निघतो आणि कापसाच्या बंद जिनिंग, बंद तेलगिरण्या धुंडाळतो. मालक आधी आम्हाला भंगारवाले समजतात. नंतर वेडे समजतात आणि कुलूप उघडून देतात.

इंजिनाजवळ गेल्यावर आम्ही आधी चाक बघतो. अशी मोठी इंजिनं हातानं हँडल मारून सुरू होत नाहीत. लोखंडी टाकीत हवा दाबून भरलेली असते. झडप उघडली की ती हवा सिलिंडरमध्ये शिरून दट्ट्याला धक्का देते आणि चाक हलतं. मात्र त्या वेळी दट्ट्या नेमक्या जागी असावा लागतो. ती जागा बाहेरून दिसत नाही, म्हणून चाकाच्या कडेवर छिन्नीनं एक खूण केलेली असते आणि समोर इंजिनाच्या बैठकीवर एक लोखंडी काटा बसवलेला असतो. खूण काट्यासमोर आली की इंजिन सुरू व्हायला तयार. पण बंद करताना चाक आपल्या मर्जीनं कुठेही थांबतं. मग कडेच्या भोकांत पहार घालून, एकेक भोक करत ते खुणेवर आणावं लागतं. दिवसभर राबलेल्या माणसाला हे काम जिवावर येतं.

म्हणून ड्रायव्हर दोन प्रकारचे असत. एक, शेवटचा धूर निघाला की टोपी उचलून घरी जाणारे. दुसरे, चाक खुणेवर लावून मगच घाम पुसणारे. पहाटे येऊन झडप उघडायची आणि कामाला लागायचं, हा त्यांचा हिशेब. कळंबच्या बाजूला एका जिनिंगमध्ये चाक खुणेपासून पार उलटीकडे थांबलेलं सापडलं. मालक म्हणाले, आमचा ड्रायव्हर फार गुणी होता. मित्र चाकाकडे बघत म्हणाला, "गुणी असन. पन त्या दिवशी त्याले उद्या यायचं नोयतं." ते चाक हलवता हलवता आमची कंबर गेली.

या इंजिनांना गंजापेक्षा जास्त त्रास भक्तीचा होतो. दसऱ्याला यंत्राची पूजा करायची, आणि पूजा करायची तर रंग द्यायचा. मग घरात उरलेला हिरवा ऑइलपेंट पितळेवर, पाटीवर, तेल सोडायच्या भोकांवर, सगळीकडे फासायचा. असं रंगवलेलं इंजिन दिसलं की माझं डोकं फिरतं. मित्र मला बाहेर नेऊन चहा पाजतो.

माझ्या आत्याच्या इंजिनाला तर शेंदूर होता.

तिची तेलगिरणी नेरच्या रस्त्यावरच्या एका गावात. जवस, तीळ, सरकी, सगळं तिथं गाळलं जाई. इंजिन चालवायचे आत्याचे यजमान. आमच्या घरात त्यांना मामाजी म्हणत. माणूस कामाचा आणि तिरसट. राग आला की हातातलं काम टाकून चालते होत. जेवता जेवता राग आला तर भरलं ताट तसंच राही. लहानपणी त्यांच्या पंगतीला बसायची मला धास्ती वाटायची.

गावात थ्री फेज लाइन आली तेव्हा आत्यानं मोटरीचा हट्ट धरला. इंजिनाच्या धुरानं ती वैतागली होती आणि तिचं म्हणणं चूक नव्हतं. एका सकाळी दोघांचं जोरात वाजलं. आत्या म्हणाली, "अख्खं गाव मोटरीवर गेलं, तुमचं लोखंड तेवढं बोंबलून राह्यलं." मामाजी म्हणाले, "बरं. उद्यापासून बंद. आन तुही मोटर." दिवसभर त्यांनी इंजिन चालवलं. संध्याकाळी घरी आले, जेवले, एक शब्द न बोलता झोपले आणि सकाळी उठलेच नाहीत.

मोटर कधी आली नाही. गिरणीला कुलूप लागलं आणि चावी आत्याच्या कमरेला गेली. पुढच्या दसऱ्याला तिनं कुलूप काढून इंजिनाची पूजा केली. कुंकू संपलं होतं म्हणून मारुतीच्या देवळातून शेंदूर आणवला आणि गिरणीतल्याच तेलात कालवून चाकाला लावला. पुढे दर दसऱ्याला तेच. आळीतल्या बायका बरोबर येऊ लागल्या, प्रत्येकीचा एक हात लागू लागला. काही वर्षांत चाकाची पुढची बाजू, समोरचा काटा, बेअरिंगचं झाकण, सगळं केशरी होऊन गेलं. एका बाईनं तर सुनेसाठी नवसाचा दोरा बांधला. नात झाली, आणि दोऱ्यांची संख्या वाढली. डिझेल इंजिनाला नवस फेडताना कुणाला मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

मी आत्याच्या मागे लागलो होतो. एकदा सुरू करून बघू दे म्हणायचो. ती चहा द्यायची आणि विषय बदलायची. शेवटी एकदा तिनं सरळच सांगितलं.

"त्यायनं बंद करून ठेवलं ते. माह्या बोलण्यावरून. राग पोटात घेऊनच गेले. आता मी कोन्या तोंडानं चालू करू?"

मी म्हणालो, "आत्या, इतकी वर्षं झाली." ती म्हणाली, "तुले वर्षं झाली." त्यानंतर मी हा विषय काढणं सोडलं. पण ती आमच्या घरी राहायला आली की पहाटे उठून एकटीच अंगणात बसलेली दिसायची, आणि ती काय उगाळत बसली आहे हे आता मला ठाऊक होतं. मला तिची दया यायची आणि मामाजींचा राग यायचा. मरायच्या आधी माणसानं एक वाक्य बोलून जायला काय हरकत होती?

यंदाच्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. "खोळ सोडली त्यानं. तुह्या त्या दोस्ताले घेऊन ये."

मारुतीच्या अंगावर शेंदराचे थर वाढत वाढत जाड होतात आणि एखाद्या वेळी कवच आपोआप सुटून पडतं. लोक म्हणतात, देवानं खोळ सोडली. मग ती विधीनं काढून नदीत सोडायची आणि आतली मूळ मूर्ती मोकळी करायची. देवाच्या मनात नसेल तर खोळ सुटत नाही, असं सगळे मानतात. इंजिनाचंही तसंच झालं होतं. बेअरिंगवरचा विटेएवढा तुकडा भर दुपारी कोसळला. आवाज ऐकून आत्या धावली, तुकडा पदरात घेतला आणि मला फोन लावला. आता तिचा नाइलाज होता. जे सुटलं ते काढावंच लागणार होतं.

आम्ही पोचलो तेव्हा तिनं टोपली, नवं फडकं आणि पाण्याचा तांब्या तयार ठेवला होता. चपला बाहेर काढायला लावल्या, हात धुवायला लावले. मित्र बौद्ध आहे, हे तिला माहीत होतं. तिनं त्याला विचारलं, "तुले चालन ना बाबू हे?"

"लोखंडावरचं काहीबी चालते मले, आत्या," तो म्हणाला आणि तोंडाला रुमाल बांधून कामाला लागला.

लाकडी पाचर आणि हलका हातोडा एवढ्यावरच काम चालू होतं. थर सुटत होते. मी तुकडे टोपलीत रचत होतो. बेअरिंगचं तेलाचं भोक शेंदरानं गच्च भरलेलं निघालं, तेव्हा मी तोंडातल्या तोंडात काहीतरी बोललो. आत्या स्टुलावर बसून बघत होती. चाक आणि काटा यांच्यामध्ये शेंदराचा एकच सलग पूल तयार झाला होता. मित्रानं त्याच्या कडेनं पाचर फिरवली. अख्खा पूल त्याच्या हातात आला. तो मागे सरकला आणि म्हणाला, "हात नोको लावू."

काट्याच्या टोकासमोर छिन्नीची खूण होती. बरोबर समोर. आमच्यापैकी कोणी पट्टी धरून लावली असती तरी इतकी नेमकी बसली नसती.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला भीती वाटली, खरं सांगतो. हे तिला सांगायचं तर चुकून चालणार नव्हतं. मी विचारलं, "आत्या, मामाजी गेल्यावर या चाकाला कोणी हात लावला होता?"

"कोन लावन? चावी माह्या कमरेले होती. शेंदूर लावला तेवढाच."

"आणि त्याआधी, पहिल्या शेंदराच्या आधी?"

"कोनीच नाही. काहून?"

मग मी तिला खूण म्हणजे काय ते सांगितलं. इतक्या वर्षांत मामाजींनी तिला कधी सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं. चाक आपल्या आपण इथं थांबत नाही, पहार घालून आणावं लागतं, आणि ते दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू करायचं असेल तरच आणतात, हे मी सांगत होतो. सांगताना माझा आवाज ऑफिसात ग्राहकाला बिल समजावतानाचा झाला होता. मला दुसरा आवाज काढता येत नाही.

आत्या उठून चाकाजवळ आली. खुणेवर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

"सवयीनं केलं असन," ती म्हणाली.

माझ्याही मनात तेच होतं. मग तीच पुढे बोलली.

"नाही. रागात असले म्हंजे हातचं काम टाकून देत होते ते. ताटसुद्धा टाकत होते. त्या दिवशी जेवले होते. पुरं जेवले होते. ताट मीच उचललं ना."

एवढं बोलून ती रडायला लागली. हुंदके नाहीत, आवाज नाही, नुसतं पाणी वाहत होतं. मी टोपलीतले तुकडे उगाच इकडचे तिकडे केले. मित्र तांब्या घेऊन तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

संध्याकाळी खोळ नदीत सोडली. टोपली मित्रानंच उचलून नेली.

पण पुढचा प्रश्न माझ्यासमोर उभा होता. दट्ट्या आत चिकटलेला असणार. तो मोकळा करायचा म्हणजे चाक हलवणं आलं, आणि चाक हलवलं की मामाजींनी लावलेली जागा गेली. ती तशीच राहू द्यावी, वर काच लावावी, असं मला एकदा वाटून गेलं. एरवी असल्या काचेच्या पेट्यांना मी नावं ठेवतो. मी आत्याला विचारलं.

"उद्यासाठी लावून ठेवलं होतं ना त्यायनं?" ती म्हणाली. "मंग करा सुरू. लय उशीर झाला."

उन्हाळा त्यातच गेला. सिलिंडरमध्ये रॉकेल आणि तेल सोडून वाट पाहिली. पहारेनं चाक जरा पुढे, जरा मागे, असं करत दट्ट्या सैल केला. धुराड्यात गांधीलमाश्यांचं घर निघालं. डिझेलचा पंप मित्रानं घरी नेऊन खोलला. हिरवा नाही आणि केशरीही नाही, चाकाला कुठलाच रंग दिला नाही. नुसतं तेलाचं बोट फिरवलं. यावर आत्याशी माझा वाद झाला आणि शेवटी बैठकीच्या कोपऱ्यावर कुंकवाचं एक बोट, यावर तडजोड झाली.

हवेच्या टाकीसाठी पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणला. गाव जमलं, नवसवाल्या बायका पुढे. मी झडप उघडली. चाक अर्धा फेरा गेलं आणि मागे आलं. पुन्हा खुणेवर लावलं, पुन्हा झडप उघडली. या खेपेला ते वरून खाली आलं, पुन्हा वर गेलं, धुराड्यातून एक काळा गोळा निघाला, मग दुसरा, आणि पायाखालची फरशी हलू लागली. मागे कोणीतरी टाळ्या वाजवल्या. आत्या भिंतीला टेकून उभी होती. धूर तिच्या तोंडावर येत होता, तरी ती सरकली नाही.

दुपारभर चालवलं. मग मी डिझेल तोडलं. चाक हळू होत होत थांबलं, आणि अर्थातच नको त्या जागी थांबलं. लोक पांगले. आम्ही दोघं घामानं निथळत होतो. मित्रानं रुमाल झटकला, मी पिशवी आवरायला घेतली.

"चाललात?" आत्या म्हणाली.

"झालं ना आता, आत्या."

तिनं कोपऱ्यातली पहार उचलली. तिला ती पेलत नव्हती. मित्रानं पुढे होऊन दुसरं टोक धरलं. ती म्हणाली, "खुणेवर लावा आधी. उद्या लागन."